सवलतीच्या बदल्यात काय मागायचे? नाशिक, डेटा सेंटर आणि इंटरनेटची सुरक्षा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या उद्योजकांच्या बैठकीत डेटा सेंटरविषयी, म्हणजे चोवीस तास सर्व्हर चालवणाऱ्या केंद्रांविषयी, निवेदन द्यायचे आहे. त्याच बैठकीत ऑनलाइन फसवणुकीचाही विषय निघणार आहे. सरकारकडे धोरण म्हणून नेमके काय मागावे, आणि हे दोन विषय एकत्र घ्यावेत की वेगवेगळे?

एकत्रच घ्या. वेगळे घेतले तर पहिल्या विषयावर सगळे जमीन आणि वीजदर मागतील, दुसऱ्यावर सगळे "जनजागृती व्हायला हवी" म्हणतील आणि चहा पिऊन घरी जातील. मी या धंद्यात वीज आणि कूलिंगच्या बाजूने आलो. पुढे चोवीस तास चालणारी केंद्रे सांभाळली, आता सल्ला देतो. इतक्या वर्षांत माझे मत पक्के झाले आहे की डेटा सेंटरला सवलत देताना करारात ज्या अटी लिहिल्या जातात, तीच या विषयातली सर्वांत धारदार जागा आहे. तिथे हात घातला तर वाढ आणि सुरक्षा दोन्ही साधतात. ती संधी गेली की नंतर फक्त पत्रव्यवहार उरतो.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते बघा. इंटरनेटचा कायदा केंद्राचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे निर्देश, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हे सगळे दिल्लीहून येते, त्यात नाशिकच्या निवेदनाने स्वल्पविरामही हलणार नाही. पोलीस मात्र राज्याचे. एमआयडीसीची जमीन, वीज शुल्कातली आणि मुद्रांक शुल्कातली सूट हेही राज्याच्या हातात. पाणी, सांडपाणी आणि रस्ता खोदायची परवानगी महापालिकेकडे किंवा एमआयडीसीकडे. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरसाठी सवलती आहेतच. त्यामुळे "सवलत द्या" हे निवेदन निम्मे शिळे झाले आहे. त्या सवलतीच्या बदल्यात नाशिकला काय मिळणार, हे विचारायचे राहिले आहे.

आता वीज. सर्व्हरची १ मेगावॉट क्षमता पूर्ण भाराने वर्षभर चालली तर ८७ लाख ६० हजार युनिट लागतात. ही फक्त सर्व्हरची वीज. कूलिंग, यूपीएसमधली घट, दिवे, पंप हे वेगळे. एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागले की जो आकडा येतो त्याला आम्ही पीयूई म्हणतो. तो दीड धरला तर १० मेगावॉटचे केंद्र दिवसाला ३ लाख ६० हजार युनिट खाईल. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी ७२ हजार घरे म्हणजे तेवढी वीज. या धंद्याच्या मानाने १० मेगावॉट ही मध्यम क्षमता आहे, नवी मुंबईत याच्या कितीतरी पट मोठी केंद्रे उभी आहेत.

एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र जवळ आहे म्हणून विजेची चिंता नाही, असे बैठकांमध्ये हमखास ऐकू येते. वीज जाळ्यातून येते, शेजारच्या चिमणीतून नव्हे. प्रश्न शेवटच्या काही किलोमीटरचा असतो. सबस्टेशनमध्ये जागा आहे का? दुसरा फीडर, म्हणजे दुसरी वीजवाहिनी, खरोखर दुसऱ्या सबस्टेशनवरून येतो का, की दोन्ही तारा सबस्टेशनमधल्या एकाच बसबारला, म्हणजे एकाच मुख्य पट्टीला, लटकलेल्या आहेत? आणि व्होल्टेज किती वेळा झुकते?

हे शेवटचे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटते. मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. वळवाचा पाऊस सुटला, कुठेतरी फांदी तारेला लागली, वीज सेकंदाच्या एखाद्या अंशापुरती झुकली आणि परत आली. घरात पंखा किंचित मंदावला, कोणाच्या लक्षातही आले नाही. डेटा सेंटरमध्ये सर्व्हरला काही होत नाही, यूपीएस ते पेलते. पण चिलर, म्हणजे कूलिंगचे मुख्य यंत्र, ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. तो लगेच परत चालू होत नाही. कॉम्प्रेसरचा दाब उतरावा लागतो, पंप सुरू व्हावे लागतात, त्यात काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत सर्व्हर पूर्ण जोमाने उष्णता ओकत असतात आणि ती उचलायला कोणी नसते. ड्यूटीवरचा माणूस पडद्यावर एकेका रॅकचे, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाचे, तापमान अंशाअंशाने चढताना बघत बसतो. मोठ्या केंद्रांत यासाठी थंड पाण्याची टाकी राखीव ठेवतात. लहान केंद्रांत ती बहुधा खर्चात कापलेली असते. म्हणून निवेदनात "स्वस्त वीज" लिहिण्याआधी "एमआयडीसीतल्या प्रत्येक फीडरची वीज किती वेळा गेली आणि व्होल्टेज किती वेळा झुकले, याची नोंद दर महिन्याला जाहीर करा" हे लिहा. याला पैसा फारसा लागत नाही आणि गुंतवणूकदार सर्वांत आधी हेच विचारतो. अंबड-सातपूरच्या सीएनसी मशीनवाल्यांनाही त्याचा तेवढाच उपयोग आहे.

सौरऊर्जेबद्दल एकच सांगतो. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी १०० किलोवॉटपासूनच्या ग्राहकाला बाहेरून हरित वीज घ्यायची मुभा दिली. आधी ही मर्यादा १ मेगावॉट होती, म्हणजे बदल मोठा आहे. पण डेटा सेंटरचा भार रात्री दोनलाही तेवढाच असतो. कोणी "शंभर टक्के हरित" म्हटले की विचारा, हा हिशेब तासाचा आहे की वर्षाचा. वर्षाचा असेल तर रात्रीची वीज बहुतेक कोळशाचीच.

पाण्यावर मात्र थांबायला हवे, कारण नाशिकमध्ये पाणी हा तांत्रिक विषय राहतच नाही. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडीला किती सोडायचे यावरून दुष्काळी वर्षांत काय होते ते तुम्हाला सांगायला नको. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, त्यातली समन्यायी वाटपाची तरतूद, मेंढेगिरी समितीचा अहवाल, उच्च न्यायालयातली लढाई, हे सगळे इथल्या द्राक्ष बागायतदाराला वकिलाइतके पाठ आहे. अशा जिल्ह्यात "डेटा सेंटर आले आणि पाणी पळवले" ही बातमी व्हायला एक उन्हाळा पुरे.

हिशेब करून बघा, म्हणजे ओरड किती आणि वस्तुस्थिती किती ते कळेल. एक युनिट विजेइतकी उष्णता बाष्पीभवनाने बाहेर टाकायची तर साधारण दीड लिटर पाणी उडते. हे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे, कोणत्याही कंपनीला ते चुकवता येत नाही. १० मेगावॉटच्या सर्व्हरची सगळी उष्णता कूलिंग टॉवरवर टाकली तर दिवसाला ३ लाख ६० हजार लिटर पाणी वाफ होऊन जाते. मागे राहिलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात, म्हणून त्यातले काही सतत काढून टाकावे लागते. पाणी जितके जड तितके जास्त काढावे लागते. सगळे धरून पावणेपाच-पाच लाख लिटर होतात. १० हजार लिटरचे पन्नासेक टँकर. नाशिक शहराच्या रोजच्या पाणीपुरवठ्यापुढे हा आकडा लहान आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण १०० मेगावॉट म्हटले की पन्नास लाख लिटर, आणि नेमकी जास्त गरज एप्रिल-मेमध्ये, जेव्हा धरणाचा तळ दिसायला लागतो.

पाणी न वापरणारे, हवेवर चालणारे चिलर मिळतात. चाळीस अंशांच्या दुपारी ते जास्त वीज खातात, म्हणजे नाशिकचे पाणी वाचवून तुम्ही दुसऱ्याच जिल्ह्यातल्या औष्णिक केंद्राचे पाणी वापरता. फुकट काहीच नाही. तरी माझा कौल हवेच्या बाजूने आहे, कारण नाशिकचा उन्हाळा कडक असला तरी रात्री तापमान उतरते आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी बाहेरची हवाच अर्धे काम करते. निफाडच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी छापून येतात त्या उगाच नाहीत. त्यात सर्व्हरला १८ ते २७ अंशांची हवा चालते. ही अॅश्रे या संस्थेची शिफारस आहे आणि यंत्र बनवणाऱ्यांना ती मान्य आहे. तरीही आपल्याकडे सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालावा लागला की मालकाला समाधान वाटते! तापमान १९ वरून २५ वर आणा, बिलात फरक दिसतो.

जिथे पाणी लागणारच, तिथे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायची सक्ती मागा. याला पूर्वपीठिका आहे. २०१६ च्या वीजदर धोरणात औष्णिक केंद्रांना ५० किलोमीटरच्या आत मलनिस्सारण केंद्र असेल तर तिथले प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले आहे. तेच कलम डेटा सेंटरला लावायला काय हरकत आहे? तपोवन, आगरटाकळीसारखी मलनिस्सारण केंद्रे महापालिकेकडे आहेत. ते पाणी चिलरसाठी आणखी गाळावे लागते आणि पाइप टाकावा लागतो, तो खर्च सवलतीतून वळता करा. गोदावरीत जाणारे तेवढे सांडपाणीही कमी होईल. कोणताही प्रकल्प मंजूर करताना पाण्याचा वर्षाचा खरा वापर जाहीर करण्याची अट घाला. लपवाछपवी झाली की संशय वाढतो आणि मग चांगल्या प्रकल्पालाही विरोध होतो.

जागेबद्दल दोन वाक्ये. नासर्डीच्या आणि गोदेच्या काठच्या प्लॉटवर निळी आणि लाल पूररेषा बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दरवर्षी शहराला पुराची पातळी दाखवतो, पण डिझेलच्या टाक्या आणि ट्रान्स्फॉर्मर बसवताना ती कोणालाच आठवत नाही.

आता सर्वांत लाडका मुद्दा: "नाशिक हे मुंबईचे बॅकअप आहे." अर्धवट खरे आहे. मुंबईत समुद्राखालच्या केबल उतरतात म्हणून मोठी केंद्रे तिथे आणि नवी मुंबईत गेली, ती काही नाशिकला उठून येणार नाहीत. बॅकअप म्हणून अंतर चांगले आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नाशिक-मुंबई फेरीला दोन-अडीच मिलिसेकंद. रुग्णालये, कारखाने, सहकारी संस्था, सरकारी कार्यालये यांना हे उत्तम. पण शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी सेबीचा नियम वेगळा आहे. मुख्य केंद्र आणि आपत्कालीन केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रांत हवे, ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर अंतर हवे. नाशिक आणि मुंबई दोन्ही वर्षानुवर्षे क्षेत्र ३ मध्येच धरली गेली आणि अंतर दोनशे किलोमीटरही नाही. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पैसा आहे ते ग्राहक इथे नियमानेच बसत नाहीत. निवेदनात "वित्तीय राजधानीचे बॅकअप हब" असे लिहिले तर समोरचा जाणकार अधिकारी पहिल्याच परिच्छेदावर पान मिटेल.

फायबरचेही असेच आहे. दोन कंपन्यांची दोन कनेक्शन घेतली की दुहेरी मार्ग झाला असे लोक धरून चालतात. बहुतेक मार्ग कसारा घाटातून जातात, महामार्गाच्या किंवा रेल्वेच्या कडेने. कागदावर दोन, जमिनीत एक. खरा वेगळा मार्ग म्हणजे सिन्नर-संगमनेरवरून पुण्याकडे किंवा त्र्यंबक-जव्हारवरून पालघरकडे. त्यात सध्या सिंहस्थाची कामे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नाने, म्हणजे तोपर्यंत शहरभर खोदाई. जेसीबीच्या दातात फायबर आली की अर्ध्या सातपूरचे नेट बंद, आणि खोदणाऱ्या ठेकेदाराला खाली काय होते हे माहीतच नसते. खोदण्याआधी इतर यंत्रणांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप काढले. कुंभाच्या प्रत्येक निविदेत त्याचा वापर बंधनकारक करा आणि नवे रस्ते करतानाच फायबरसाठी रिकामे डक्ट, म्हणजे नळ, टाकून ठेवा. दोन्ही गोष्टी महापालिकेच्या हातातल्या आहेत, दिल्लीला विचारायची गरज नाही.

आकाराबद्दल माझे मत ऐका. नाशिकने शंभर-दोनशे मेगावॉटची स्वप्ने बघू नयेत. सातपूरमध्ये ईएसडीएससारख्या नाशिकच्याच कंपनीचे डेटा सेंटर गेली कित्येक वर्षे चालते, म्हणजे हे शहर या धंद्याला नवे नाही. एक ते दहा मेगावॉटची, स्थानिक ग्राहक असलेली केंद्रे इथे शोभतात. अडचण अशी की डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळाला तो ५ मेगावॉट आणि त्यावरच्या आयटी क्षमतेसाठी. त्या दर्जाने लांब मुदतीचे कर्ज सोपे होते. दोन मेगावॉटवाला बाहेरच राहतो. हा दर्जा ठरवणारी केंद्र सरकारची यादी राज्य बदलू शकत नाही, पण लहान केंद्रांना व्याजात सूट देऊ शकते. हे मागण्यासारखे आहे.

रोजगाराचा आकडा फुगवू नका. पूर्ण चाललेल्या केंद्रात माणसे शेकड्यांत मोजावी लागत नाहीत, आणि त्यातही इलेक्ट्रिशियन, चिलर तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक जास्त. आयटीआयच्या मुलांना ही चांगली नोकरी आहे, पण एका मध्यम ऑटो कारखान्याइतकी माणसे यात लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. लोकांना वाटते इंटरनेटची सुरक्षा म्हणजे फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि पोलीस. मधला माणूस कोणाला दिसत नाही. फसवणुकीची प्रत्येक वेबसाइट कुठल्या तरी यंत्रावर चालते, ते यंत्र कोणीतरी भाड्याने दिलेले असते, आणि ते बरेचदा आपल्यासारख्याच कोणाच्या तरी रॅकमध्ये असते.

कसे घडते ते सांगतो. शनिवारी रात्री अब्यूज डेस्कवर, म्हणजे यंत्रांच्या गैरवापराच्या तक्रारी घेणाऱ्या कक्षात, एक मेल येतो. कुठल्या तरी बँकेच्या सुरक्षा पथकाने लिहिलेला असतो, सोबत लिंक आणि स्क्रीनशॉट. हुबेहूब बँकेचे लॉगिन पान, खाली आमच्या पट्ट्यातला आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक. ड्यूटीवरचा मुलगा ग्राहक शोधतो. ते यंत्र एका रिसेलरला, म्हणजे पुढे भाड्याने देणाऱ्याला, दिलेले. त्या रिसेलरने दुसऱ्या रिसेलरला दिलेले. त्याने कोणाला दिले? तिथे एक जीमेल पत्ता, एक प्रीपेड नंबर आणि पॅन कार्डचा फोटो, ज्यातला चेहरा ओळखू येत नाही. फोन बंद. रिसेलर म्हणतो, सोमवारी बघतो. सोमवारपर्यंत ते पान हजारो लोकांना पाठवून झालेले असते आणि मग बंद करून उपयोग काय! म्हणून ड्यूटीवरच्या मुलाला, वरच्यांना न विचारता, रात्री अकरा वाजता ते यंत्र जाळ्यातून तोडायचा अधिकार हवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो. ग्राहक तुटेल या भीतीने विक्री विभाग मध्ये पडतो.

कायदा याला आडवा येतो का? फारसा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे दुसऱ्याच्या मजकुराबाबत मधल्या सेवादात्याला संरक्षण आहे, आणि श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मजकूर काढण्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा. ते योग्यच आहे, नाहीतर कोणीही कोणाचाही लेख उडवेल. पण बँकेच्या नावाचे खोटे लॉगिन पान हा मतप्रदर्शनाचा विषय नाही. ग्राहकाशी केलेल्या करारात स्पष्ट अट असेल तर होस्टिंगवाला, म्हणजे यंत्र भाड्याने देणारा, ते त्याच रात्री बंद करू शकतो.

ग्राहकाची ओळख ठेवण्याचा नियमही आधीच आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा सेंटर, व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), क्लाउड आणि व्हीपीएन (इंटरनेटवरची ओळख झाकणारी जोडणी) देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, भाड्याने घेण्याचे कारण ही माहिती पाच वर्षे जपायची. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायची. लॉग, म्हणजे यंत्रांवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. सगळ्या यंत्रांची घड्याळे ठरवून दिलेल्या स्रोताशी जुळवायची. ही शेवटची अट लोक हसण्यावारी नेतात. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला की तपासात कोण आधी आत शिरले हेच ठरत नाही, आणि वकील तेवढ्यावर प्रकरण उडवतो.

या नियमांवरून तेव्हा काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. माझी भूमिका अशी: यंत्र कोणी भाड्याने घेतले याची नोंद कडक हवी, त्या यंत्रावरून कोणी काय वाचले याची नको. निवेदनात ही रेष स्पष्ट ओढा. नाहीतर सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवणारी यंत्रणा मागितल्यासारखे होईल आणि ती एकदा बसली की निघत नाही.

मग अट काय घालायची? ज्या केंद्राला राज्याची सवलत, त्याने चोवीस तास माणूस बसलेला अब्यूज डेस्क चालवावा. फिशिंगची, म्हणजे अशा खोट्या पानांची, तक्रार आल्यापासून किती तासांत कारवाई झाली, हा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा. रिसेलरच्या साखळीतल्या शेवटच्या माणसाची पडताळणी हीही केंद्राचीच जबाबदारी राहील. हे तीन मुद्दे सवलतीच्या करारात आले तर केंद्र सरकारच्या कायद्याला हात न लावता राज्याला जरब मिळते. सवलत थांबवता येते, आणि कंपनीला नोटिशीपेक्षा तेच जास्त लागते.

सिंहस्थासाठी हे आत्ताच हवे. २०२५ च्या प्रयागराज कुंभात तंबू आणि कॉटेजच्या खोट्या बुकिंग वेबसाइट निघाल्या, पोलिसांना इशारे द्यावे लागले. नाशिकला वेगळे काही होणार नाही. पंचवटीतल्या धर्मशाळेचा फोटो, घाटावरच्या पूजेचे दर, खाली क्यूआर कोड, की झाले दुकान तयार. अधिकृत निवासांची एकच यादी, एकाच सरकारी पत्त्यावर, आणि जिल्हा सायबर पोलीस व स्थानिक होस्टिंगवाले यांच्यात थेट संपर्काचे नाव-नंबर, एवढे ध्वजारोहणाआधी झाले पाहिजे.

ज्याबद्दल कोणीच बोलत नाही ते म्हणजे पतसंस्था. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर आहे. नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट आली, आता बँकांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर गेले. ही शिकवण महाग पडली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये दोन दिवसांच्या हल्ल्यात गेले. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या एकाच तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला, आले आणि जवळपास ३०० लहान बँकांचे व्यवहार राष्ट्रीय पेमेंट जाळ्यापासून तोडून ठेवावे लागले. पतसंस्था मात्र बँक नाही. तिला ती चौकट लागू नाही, तो पत्ता मिळत नाही. येवला, निफाड, सिन्नरच्या कितीतरी पतसंस्थांत सर्व्हर म्हणजे व्यवस्थापकाच्या टेबलाखालचा संगणक, आणि बॅकअप म्हणजे ड्रॉवरमधली हार्ड डिस्क, तीही त्याच खोलीत. सभासदांचे आधार, पॅन, सोनेतारणाचे फोटो सगळे त्यात.

हाच नाशिकच्या लहान डेटा सेंटरचा खरा ग्राहक आहे. सहकार खात्याने वीस-पंचवीस पतसंस्थांचा गट करून एकत्र जागा, एकत्र लॉग तपासणी आणि दुसऱ्या शहरात बॅकअप घ्यायला अनुदान द्यावे, अशी मागणी करा. दुसऱ्या शहरात, हा शब्द सोडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, कारण त्याची बाहेर प्रत नव्हती. कोरियासारख्या देशात हे झाले. आपल्या लिथियम बॅटऱ्या काही वेगळ्या वागणार नाहीत.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पतसंस्था, शाळा, क्लास, रुग्णालये सगळे त्यात येतात. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल. कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांना हे अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.

फसवणूक झालेल्या माणसासाठी एकच सांगतो, कारण बैठकीत हे कोणीतरी विचारेलच. आधी १९३० ला फोन, मग बाकी सगळे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, फोन लवकर गेला तर मधल्या बँकेत ते थांबवता येतात. लोक आधी मेहुण्याला विचारतात, मग शाखेत जातात, मग पोलीस ठाण्यात, आणि तोवर रक्कम एटीएममधून बाहेर पडलेली असते. निवेदनात मागायचे तर हे मागा की जिल्ह्यातल्या बँकांनी किती रक्कम वेळेत थांबवली हा आकडा दर महिन्याला द्यावा. "लिंकवर क्लिक करू नका" असे फलक खूप झाले.

निवेदन दोन पानांच्या वर नेऊ नका. पहिल्या पानावर महापालिका आणि एमआयडीसीकडची कामे: फीडरची नोंद, सांडपाण्याचा पाइप, डक्ट, खोदाईची अट. दुसऱ्यावर राज्याकडची: लहान केंद्रांना व्याज सूट, सवलतीच्या करारातला अब्यूज डेस्क, पतसंस्थांचे गट. केंद्र सरकारकडच्या मागण्या वेगळ्या पत्रात, खासदारांमार्फत. बैठकीआधी महावितरणकडून सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या सबस्टेशनची शिल्लक क्षमता लेखी मागवून घ्या. तो कागद हातात नसेल तर बाकी चर्चा दोन तास चालून हवेत राहते.